उशीची कोरडी बाजू

नाशिक, रविवार, १३ डिसेंबर १९३६

प्रिय चिमणे,

आईचे आशीर्वाद. वर्षाला एक नाताळचं कार्ड आणि त्यावर "मी बरी आहे" एवढे तीन शब्द, याखेरीज तुझं मला काही येत नाही. या वेळी कार्डाची वाट न पाहता मीच लिहायला बसले आहे. कराचीला थंडी पडली असेल. तुझे हात थंडीत फुटायचे. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला झोपताना हातांना तूप चोळायला लावत. तू डॉक्टर आहेस, तुला मी काय सांगणार, पण चोळ.

आज मिस्सेला नव्या फादरांनी विलायतेच्या कायद्यावर प्रवचन केलं. गाव सारं राजानं गादी सोडली त्याच्यावर बोलतंय. मला चर्चला सोडताना इनायत टांगेवाला म्हणाला, "बाईसाहेब, बाईपायी तख्त सोडलं म्हणे. आमची बाई तर मला जेवायला टांगा सोडू देत नाही." पण फादरांच्या मनात राजा नव्हता. बरा न होणारा रोगी स्वतः मागत असेल, तर डॉक्टरनं त्याला मरण द्यावं, असा मसुदा तिकडच्या वरिष्ठ सभागृहात आला होता. तो या महिन्याच्या पहिल्या तारखेला पडला. फादर म्हणाले, पडला हे बरं झालं, पण असा विचार माणसाच्या मनात येतो, त्याचं काय? 'खून करू नको' ही पाचवी आज्ञा आजाऱ्याच्या खाटेपाशी येऊन थांबते का? प्रेमानं का होईना, मुलानं बापाचा, लेकीनं आईचा जीव घ्यावा का?

त्यांना इथे येऊन आठच महिने झालेत. त्यांना काही ठाऊक नाही. पण 'लेकीनं' हा शब्द आला आणि पुढच्या तीन बाकांवरच्या माना मागे वळल्या. मी पाठ ताठ ठेवली. आमच्या मदर पाठीला लाकडी पट्टी लावून बसायला शिकवत, ती पट्टी अजून माझ्या पाठीत आहे.

बाहेर पायऱ्यांवर कुसाबाईनं गाठलंच. धर्मशिक्षक गेल्यापासून त्यांच्या या विधवेला वाटतं, शिकवायचं काम आता तिच्याकडे आलं. म्हणाली, "सखुबाई, तुमच्या चिमणाचं फादरांच्या कानावर घातलं वाटतं कुणी?"

मी म्हटलं, "कुसाबाई, माझ्या मुलीनं बापाचं दुखणं हलकं केलं. तुमच्या सुनेचं आडवं बाळंतपण तिनंच केलं, तेव्हा तिच्या हातांची तुम्हाला भीती वाटली नाही ती?"

ती पदर सावरत पायऱ्या उतरली. मला फार बरं वाटलं. चिमणे, आपल्या लोकांत तू पहिली डॉक्टरीण. तुझ्या सोनेरी पदकाची पेटी मी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवते.

आता मुद्द्याचं लिहिते. सिस्टरांच्या दवाखान्याला लेडी डॉक्टर हवी आहे. समितीत कुसाबाईचा भाऊ आहे, तो आडवा येईल. तू एक ओळ लिहून पाठव, की तीन रात्रींच्या जागरणानं त्या दिवशी मापात चूक झाली आणि त्याचा तुला पश्चात्ताप आहे. बाकी मी बघते. माझ्यापुरतं विचारशील तर मी तुला कधीच क्षमा केली आहे.

तुझी आई


नाशिक, ४ जानेवारी १९३७

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. आठ वर्षांत पहिल्यांदा दोन पानं. अक्षर तसंच आहे, उजवीकडे कललेलं, सिस्टर बेर्नाडेट वळण लावता लावता थकल्या ते. आधी नुसतं अक्षरच पाहत बसले.

तू लिहितेस, "आई, माझी चूक झाली असं मी लिहू शकत नाही, कारण ती झाली की नाही हेच मला आजवर कळलेलं नाही. मी मोजून दिलं होतं. अडीच तासांत बाबा गेले. तेवढ्यानं जायला नको होते. तेव्हापासून मॉर्फियाची सुई मी हातात घेत नाही, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावते. गेल्या महिन्यात ते रजेवर होते. एक बलुची बाई हाडाच्या दुखण्यानं चार दिवस ओरडत होती. मी तिला अर्धं माप दिलं आणि नाडी धरून बसले. अर्ध्यानं भागणार नाही, हे मला माहीत होतं."

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं.

इकडे थंडी आहे. मी मखमलाबादला कोंडाजीकाकांच्या मळ्यात जाऊन आले. झेंडू संपत आला, गुलाब जोरात आहे. तुझे बाबा याच मळ्यातून कॉन्व्हेंटात वेदीसाठी फुलं आणायचे. बाप्तिस्मा त्यांनी नंतर घेतला, आधी दोन वर्षं नुसती फुलं आणली. मी पंधरा वर्षांची, फुलदाण्या धुवायचं काम माझ्याकडे. ते टोपली दारात ठेवत आणि म्हणत, "काटे काढलेत." बस, एवढंच. दोन वर्षं एवढंच बोलणं. पण सबंध मळ्याच्या फुलांचे काटे रोज कोण काढतो?

काका आता थकलेत. माझ्यासाठी घोंगडी टाकली आणि म्हणाले, "पोरगी काय म्हणती?"

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या बलुची बाईपाशी आले तेव्हा त्यांनी विळा खाली ठेवला.

"सखुबाई, तू तिला अजून सांगितलं नाय?"

"काय सांगायचं, दादा?"

"मला इचारती? आठ वरसं मी तोंड शिवून बसलोय तुझ्या शब्दापायी. म्या काय चोरी केली व्हती? पोरगी तिकडं रोज मरती हाय, अन् तू इथं फुलं बघायला आली."

म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतो. तू मनावर घेऊ नकोस.

आणखी लिहिणार होते, पण इनायत बाहेर घंटा वाजवतो आहे, त्याला स्टेशनवर जायची घाई आहे.

तुझी आई


नाशिक, १९ जानेवारी १९३७

चिमणे,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन चुलीत गेली. त्या दिवशी इनायतला कसलीही घाई नव्हती. तो फाटकाशी बसून घोड्याला चारा घालत होता.

तू साडेबाराला सुई दिलीस. बाबांना डोळा लागला. दोन वाजता तू औषधं आणायला दवाखान्यात निघालीस आणि उंबऱ्यात थांबून मला म्हणालीस, "आई, जागे झाले की पाणी मागतील. ओठ ओले कर. पण आत थेंब जाऊ देऊ नकोस. घसा बंद आहे, सरळ छातीत उतरेल." मी हो म्हटलं. मला समजलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला समजलं होतं.

तू गेलीस आणि काका मागच्या दारानं आले. हातात पितळी गडू. रामकुंडावरून गोदेचं पाणी भरून चालत आले होते.

म्हणाले, "भिका जातोय. त्याच्यासाठी गंगा आणलीया."

मी म्हटलं, "दादा, आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्यात हे चालत नाही."

"नको चालू दे. मी मंतर म्हणत नाय, तुळस आणली नाय. पर माझा भाऊ तहानेला जाणार का?"

बोलण्यानं बाबा जागे झाले. त्यांचा आवाज जाऊन दोन महिने झाले होते, ते तुला ठाऊक आहे. त्यांनी गडूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात उचलून बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवली. तुझं सांगणं त्यांनाही माहीत होतं, त्यांच्यासमोरच तू ते रोज सांगत होतीस. तरी बोटं ओठांवरून काढली नाहीत. काकांनी गडू पुढे केला, तो मी हातातून काढून घेतला. म्हटलं, माझ्या माणसाला मी पाजीन.

लग्नात मदरनी दिलेला चांदीचा चमचा घेतला. पहिला चमचा त्यांनी तोंडातच धरून ठेवला, डोळे मिटून. काटे काढलेत म्हणताना जो चेहरा असायचा, तोच चेहरा. दुसरा दिला. तिसऱ्याला ठसका लागला आणि तो थांबेना. काकांनी त्यांना बसतं धरलं, मी पाठ चोळत होते. किती वेळ ते सांगता येत नाही. मग ठसका थांबला, आणि बाबाही थांबले.

मी काकांना मागच्या दारानं घालवलं. सांगितलं, कुणाला बोलू नका, गंगेचं पाणी पाजलं हे कळलं तर आमच्या दफनभूमीत यांना जागा देणार नाहीत. त्या वेळी मला तेवढीच एक भीती होती. त्यांना आपल्या कुंपणाबाहेर पुरतील, आणि मी गेल्यावर मला आत. उशी भिजली होती. ती मी उलटी केली, कोरडी बाजू वर.

तू आलीस. नाडी पाहिलीस, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंस. मी तुला तोंडातल्या तोंडात मोजताना ऐकलं. विचारलंस, "आई, तू काही दिलंस का?" मी म्हटलं, "नाही." त्या कोरड्या बाजूवर तू बाबांचं डोकं सरळ ठेवलंस आणि केस नीट केलेस.

चौथ्या दिवशी मी जुन्या फादरांकडे जाऊन कबुली दिली. सगळं सांगितलं, गंगा, चमचा, उशी, तुझ्याशी बोललेलं खोटं. त्यांनी ऐकून घेतलं. मग क्षमेचे शब्द म्हणाले. शेवटी म्हणाले, "मुलीला सांगा." मी हो म्हटलं. बाहेर आले तेव्हा इतकी हलकी झाले होते की वाटेत कण्हेरीचं फूल तोडून केसांत घातलं. विधवा बाई, चौथा दिवस. मला वाटलं, झालं, मिटलं. पुढच्याच आठवड्यात सुईची कुजबूज सुरू झाली. कबुलीतलं जुने फादर बाहेर बोलू शकत नव्हते, आणि मी बोलत नव्हते. मला क्षमा मिळाली होती, तिचा मी असा उपयोग केला. आज सांगते उद्या सांगते करता करता तू कराचीला निघून गेलीस, आणि हळूहळू मला सवय झाली, मुलीला मोठ्या मनानं माफ करणारी आई म्हणून ताठ चालायची.

मी त्यांना मारलं का, ते मला कळत नाही. कायदा करणारे दोन बाजूंना बसून काय काय बोलले ते मी पेपरात वाचलं. त्यात चमच्याचं कुठे काही नव्हतं. बाबा दोन दिवसांनी गेलेच असते, तू तसं म्हणालीही होतीस. त्यांनी मागितलं, मी दिलं, आणि काय होईल ते मला ठाऊक होतं. पुन्हा तसा हात ओठांवर ठेवला तर पुन्हा देईन की नाही, विचारू नकोस. मला वाटतं देईन.

पण तू विचारल्यावर मी नाही म्हणाले, ते मात्र पाप. त्याला दुसरी बाजू नाही.

तुझं माप बरोबर होतं, चिमणे. पहिल्यापासून बरोबर होतं. सुई हातात घे.

आई


नाशिक, राखेचा बुधवार, १० फेब्रुवारी १९३७

प्रिय चिमणे,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. ते येईल असं धरून मी बसले नाही. तुझं उत्तर हा तुझा प्रश्न, इथलं काम माझं होतं.

रविवारी मिस्सा सुटल्यावर सगळे पायऱ्यांवर रेंगाळले होते. फादर दारात उभे राहून एकेकाची विचारपूस करत होते. मी म्हटलं, "फादर, मला सगळ्यांसमोर थोडं बोलायचं आहे. एक कबुली आहे."

ते हळूच म्हणाले, "बाई, कबुलीची जागा आत आहे."

"तिथे मी आठ वर्षांपूर्वीच जाऊन आले. तिथलं बाहेर येत नाही, म्हणून तर इथे उभी आहे."

मग बोलले. पाठ ताठ, आवाज शेवटच्या पायरीपर्यंत जाईल असा. कॉन्व्हेंटात पाहुण्यांपुढे पाठ म्हणायला मलाच पुढे करत असत. उशीचंही सांगितलं. तुला विचारलेल्या प्रश्नाचं मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. म्हटलं, "माझी मुलगी निर्दोष आहे. आठ वर्षं तुम्ही तिला बोललात आणि मी ऐकून घेतलं. तुमच्याहून माझा दोष मोठा."

पहिली बोलली ती कुसाबाई. "अगंबाई! म्हणजे गंगेचं पाणी? आपल्या माणसाला?"

फाटकाशी इनायत टांग्यावर बसून सगळं ऐकत होता. तिथूनच ओरडला, "कुसाबाई, रोज सकाळी घागर भरता, ती कुठून मक्केहून येती का? माझ्या अम्मीला शेवटी मीच पाजलं. हकीम नको नको करत होता. अम्मीनं मागितलं, मी काय हकिमाकडं बघत बसू?"

काही जण हसले. फादर हसले नाहीत. मी त्यांना विचारलं, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात की प्रेमानंही जीव घेऊ नये. मी तीन चमचे पाणी दिलं. मी काय केलं, सांगा."

ते म्हणाले, "दुखणं कमी करणं आणि जीव घेणं, दोन्हीत हात सारखाच दिसतो. फरक मनात असतो."

"मन तुम्हाला दिसतं का, फादर?"

"नाही." मग म्हणाले, "तहानेलं ठेवा असं मी म्हणालो नव्हतो. पण प्रवचन सोपं केलं मी. क्रुसावर प्रभूलाही शेवटी तहान लागली होती, तेही माझ्या लक्षात राहिलं नाही. मला पुन्हा विचार करायला हवा." तरुण आहेत, कान लाल झाले होते. हा माणूस चांगला निघणार.

वेदीवरच्या चादरी गेली वीस वर्षं मी धूत होते, त्या आता कुसाबाई धुणार. तिला निळीचं प्रमाण कधी जमायचं नाही, पण असू दे. दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. बाबांच्या थडग्याला मात्र कोणी हात लावायचं नाव काढलं नाही. भीती होती ती एवढीशीच होती, आणि तिच्यासाठी मी तुला विकलं.

परतीच्या वाटेवर मी इनायतला टांगा मळ्याकडे घ्यायला सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आता मी बी बोलू का?" आणि खरंच बोलायला लागले. भिका लहानपणी विहिरीत कसा पडला, तिथपासून. संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. आठ वर्षं या माणसाला मी भावाबद्दलसुद्धा बोलू दिलं नव्हतं, कारण बोलता बोलता पाण्यापर्यंत येतील.

आज कपाळाला राख लावून आले आहे. आरशात पाहिलं तर म्हातारी दिसते, पण बरी दिसते.

आई


नाशिक, २९ मार्च १९३७, ईस्टरचा सोमवार

प्रिय चिमणे,

काल सण आणि आज तुझं पत्र. उभ्याउभ्याच फोडलं. मग बसून वाचलं. मग इनायतला वाचून दाखवलं, त्याचं काम नव्हतं तरी.

"आई, तुझं पत्र मी महिनाभर पेटीत ठेवलं. उत्तर लिहवेना, इतका राग आला होता. तो अजून आहे आणि राहील, तो लवकर जाईल अशी वाट तू पाहू नकोस. नाशिकच्या समितीचं पत्र आलं. त्यांना मी नकार कळवला. माझं काम इथे आहे. परवा एका कोळिणीला पोटाच्या गाठीच्या कळा येत होत्या. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं नाही. पुरं माप मी स्वतः दिलं, आणि नाडी न धरता दुसऱ्या रोग्याकडे गेले. सकाळी ती उठली आणि तिनं चहा मागितला."

चिमणे, तुझ्या सोनेरी पदकाच्या पेटीत हे पत्र ठेवलं आहे. आता कोणी आलं की आधी हे दाखवते. नाही म्हणालीस ते समितीवाल्यांना झोंबलं आहे. कुसाबाई म्हणते, "एवढा कसला तोरा?" मी म्हटलं, "आईवर गेली आहे."

राग राहू दे. तुझ्या रागाचं पत्र तुझ्या "मी बरी आहे"पेक्षा मला शंभर वेळा चालेल.

एक सांगून ठेवते. माझीही वेळ येणार, आणि माझी आई कशानं गेली ते बघता घशाचं, पोटाचं काहीतरी निघायचंच. त्या वेळी तू असलीस तर माप तू ठरव, कमी नको. मी पाणी मागेन, मी हट्टी आहे. द्यायचं की नाही ते तेव्हाचं तेव्हा बघ. फादर अजून विचार करत आहेत, विलायतेतले मोठे लोकही करत आहेत, मी तुला कुठून नियम घालून देऊ? दिलंस तरी माझी मुलगी आणि नाही दिलंस तरी माझीच. फक्त जे करशील ते दार उघडं ठेवून कर, आणि उशी ओली झाली तर ओलीच राहू दे.

काकांनी झेंडूचं बी दिलं आहे, सोबतच्या पुडीत आहे. कराचीच्या खाऱ्या मातीत येईल का, म्हणून विचारत होते. मी सांगितलं, तिच्या हातानं येईल.

तुझी आई,
सखुबाई